राजदूतसाहेबांची रंगीत तालीम

ती. ताईस नमस्कार,

मी ठीक आहे, वेळेवर जेवतो. आईला तसंच सांग. तिला झोप लागते का गं?

आमचे राजदूतसाहेब उद्या परदेश दौऱ्यावर निघतायत. तिथल्या मंत्र्यांचे वडील नुकतेच वारले, म्हणून भेटल्यावर काय बोलायचं ते मीच लिहून दिलं. आपले बाबा गेल्याचं मात्र ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. सांगून रजा थोडीच मिळणार होती?

आज साहेबांनी तालीम केली. मला मंत्री करून समोर उभं केलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "वडील गेले की मोठा माणूसही पोरका होतो. सांभाळा स्वतःला."

मी खाली बघत म्हटलं, "छान जमलं, साहेब."

पुढचं आईला वाचून दाखवू नकोस. शब्द माझेच होते, तरी बरं वाटलं गं.

तुझा धाकटा