आजीने घालवलेले दोन गुण

बान नोंगखाम, ३ मार्च

चि. तोन यास,

आजीचा आशीर्वाद. मी ठणठणीत, कोंबड्याही ठीक. अक्षर विहारातल्या भंतेंचं, चुका माझ्या.

साखर कारखान्यात मोळ्या उचलून तुझी पाठ धरली म्हणे. धरणारच. उभ्या आयुष्यात स्टिअरिंगपेक्षा जड काही उचललं नव्हतंस. तुझी शाळेची गाडी सध्या बाईंचा नवरा चालवतो. पोरं म्हणतात, याच्यापेक्षा रेडा बरा.

परवा तुझ्या बायकोबरोबर, दाओबरोबर, परिवहन कार्यालयात जाऊन आले. खिडकीतल्या मुलीने समजावलं. गाडीच्या परवान्यावर प्रत्येकाला बारा गुण. सिग्नल तोडला, मोबाइल कानाला लावला, की कापतात. शून्यावर आलं की नव्वद दिवस गाडीला हात लावायचा नाही. बाराचे दोन तू केलेस, ते कर्तृत्व तुझं.

राहिलेल्या दोनांचं म्हणशील तर यंदा चिंचा बऱ्या लागल्यात. भंते म्हणतात, "आजी, विषय बदलू नका."

बरं. मामेभावाच्या दीक्षेला तू मला मोटारसायकलवर नेलंस. हेल्मेट घाल म्हणालास. मी म्हटलं, सकाळपासून बसवलेले केस काय टोपल्याखाली झाकू? मागच्याचं डोकं उघडं असलं तरी गुण चालवणाऱ्याचा जातो, हे मला कुठे ठाऊक. पुढे पोस्टाने गरुडाच्या सरकारी शिक्क्याचं पाकीट आलं. अक्षर मला कळत नाही, पण आत कॅमेऱ्याने काढलेला आपला फोटो होता. केस फार छान आले होते रे. फोटो कापून पेटीत ठेवला, उरलेल्या कागदाने चूल पेटवली. दंड भरायचा राहिला, म्हणून दुसराही गेला.

पाकीट दाओने हरवलं म्हणून तू तिला नाही नाही ते बोललास आणि निघून गेलास. मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते. एरवी दुसऱ्यांच्या भांडणात बोलणारी मी, तेव्हा गप्प राहिले.

काल तिला सगळं सांगितलं.  तिने फोटो मागितला. माझ्या केसांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "तेव्हा किती बारीक झाला होता हो हा."

सोमवारी तुझे नव्वद दिवस भरतात. प्रशिक्षणाला बसून परीक्षा दिलीस की गुण परत देतात. दाओने तुझं नाव घातलंय, शाळेने जागा धरलीय. पण आधी तिला फोन कर. माझी माफी मी मागितली, तुझी तू माग.

खालचा अंगठा माझा. जमिनीच्या कागदावरही इतका दाबून उमटवला नव्हता.

तुझी गुन्हेगार,
आजी बुआखाम