बारक्याने आखलेली सहल

दि. ३ नोव्हेंबर

प्रिय बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. तूही असशील असं धरून चालते. मागच्या भेटीत तुझा खोकला ऐकला, तो अजून डोक्यातून जात नाही. गरम पाणी मिळत असेल तर पी, मिळत नसेल तर माग. नको तिथे तुझं तोंड बरं चालायचं, आता कामाच्या वेळी चालव.

सायकलवाल्यांबद्दल तुला अर्धवटच सांगितलं होतं. जाळीच्या दोन्ही बाजूंनी सगळे ओरडत असताना असल्या गोष्टी कुठे बोलता येतात? बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगी नऊ वर्षांची, तिला सगळे बिट्टी म्हणतात. घरात त्यांची आई आहे, तिला ऐकू कमी येतं पण दिसायचं काही राहत नाही. माणूस शांत आहे. माझी शिवणाची पिशवी दारात फाटली तेव्हा रस्त्यावरची रिळं त्यांनी एकेक करून वेचली, आणि वर माती झटकून दिली. आमच्या कारखान्यातल्या बायका म्हणतात, तुझं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. नवऱ्याबरोबर तयार मुलगीही मिळते आहे. त्या चिडवतात आणि मला ते आवडतं, हे तुला सांगायला लाज वाटत नाही.

लग्न ठरवण्याआधी दोन्हीकडच्या माणसांनी एकदा एकत्र हिंडावं-खावं, असं त्यांच्या आईच्या मनात आलं. तीन दिवस शहरात जायचं. सगळं बघायचं आणि चांगलंचुंगलं खायचं. दोन्हीकडची माणसं म्हणजे माझ्याकडून मी एकटीच. सायकलवाले म्हणाले, "माहिती काढायला कुणाकडे कशाला जायचं? काखेत कळसा अन् गावाला वळसा. तुम्ही दर दोन महिन्यांनी जाता, तुम्हीच आम्हाला फिरवा."

झाली ना पंचाईत? मी शहरात बटणं आणि चेन आणायला जाते, असं सगळ्यांना सांगत आले. मालकीणबाई तेवढ्या जाणून आहेत, त्या बोलत नाहीत. आणि मला शहरातलं काय माहीत आहे? बसस्टँड, तुरुंगाकडे जाणारी बस, तुमच्या फाटकासमोरचा चहावाला आणि बायकांची रांग. एवढ्या वर्षांत मी त्या शहरात चहाशिवाय काही तोंडात घातलेलं नाही. बिट्टी रोज विचारते, तिथे आइस्क्रीम कुठलं सगळ्यात छान? मी सांगते, सगळीच छान.

तू टॅक्सी चालवलीस, तुला गल्ली न् गल्ली पाठ आहे. कुठे काय बघायचं, कुठे काय खायचं, ते नीट क्रमाने लिहून पाठव. हे लग्न मला हवं आहे, बारक्या. त्यांच्यासमोर तोंडघशी पडायला नको.

मधला दिवस तुमच्या भेटीचा आहे. जमलं तर तासभर निसटून येईन. तुझ्याबद्दल त्यांच्याशी अजून बोलणं झालेलं नाही.

काळजी घे. लवकर लिही.

तुझी ताई

*

दि. २१ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, त्यात माझी चूक नाही. पहिल्या पत्रात मी तुला झकास नकाशा काढून दिला होता. पूल, चौक, कुठून वळायचं, कुठली बस. इथली पत्रं वाचणाऱ्या साहेबांनी तो पाहिला आणि मला बोलावून विचारलं, "काय रे, कुठे पळायचा बेत आहे?" मी म्हटलं, "साहेब, मासे खायचा." ते हसले, पण नकाशा ठेवून घेतला. आता सगळं शब्दांत लिहितो.

पहिल्या दिवशी उतरल्या उतरल्या पुलाच्या टोकाला जा. डाव्या हाताला हिरव्या दाराचं खानावळीसारखं दुकान आहे. एक जाड बाई दारातच मासे तळत बसते. टॅक्सीवाले सगळे तिथेच जेवायचे. माझं नाव काढलंस तर मोठा तुकडा देईल, पण नकोच काढू, तशीही ती हात आखडत नाही. मग चालत घड्याळाच्या मनोऱ्यापाशी. तिथे गर्दीत पाकीट मागच्या खिशात ठेवायचं नाही, असं आमचे खिसेकापू काका खास बजावून सांगतात. अनुभवी माणूस. मनोऱ्यामागच्या गल्लीत सूप आणि गरम पाव. कोणाकडचं सूप चांगलं, यावरून इथे दोन दिवस वाद पेटला होता. एका म्हाताऱ्या बाबांनी जे दुकान सांगितलं ते मी ऐकलंही नव्हतं, पण ते माझ्या जन्माच्या सुमाराला आत आले असावेत. अख्खी बराक तुझ्या सहलीला लागली आहे, ताई. कितीतरी दिवसांत इथे कोणी इतकं बोललं नव्हतं.

आइस्क्रीम सिनेमागृहाच्या जिन्याखाली. बिट्टीला आधी पिवळं द्या, मग गुलाबी.

दुसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालय, पण त्याआधी सकाळी टेकडीवरच्या पाळण्यात बसा, तो तारेवरून जातो तो. मधल्या खांबापाशी उजवीकडे खाली बघ. आमचं पटांगण दिसतं. अकराच्या सुमाराला आम्ही बाहेर असतो. पाळणे इथून आम्हाला रोज दिसतात, त्यात कोण बसलंय ते मात्र दिसत नाही. तासभर निसटायच्या भानगडीत पडू नकोस, त्यांना संशय येईल. तू वरून जाशील तेवढी भेट मला पुरे.

म्हणजे मी आता मामा होणार. खिसेकापू काकांना सांगितलं तर म्हणाले, भाचीला पहिली भेट काय देणार? मी इथल्या सुतारशाळेत पेटी करायला घेतली आहे. सायकलवाल्यांना सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. माझा आग्रह नाही.

मासे खाल्लेस की चव कशी होती ते सविस्तर लिही. घाई करू नकोस, बारीकसारीक लिही.

तुझा बारक्या

*

दि. १४ डिसेंबर

साहेब, हे पत्र नेहमीप्रमाणे आधी तुम्ही वाचाल. एक विनंती आहे. त्याला हे जेवणानंतर द्या. आधी दिलंत तर तो जेवणार नाही.

प्रिय बारक्यास आशीर्वाद.

आम्ही जाऊन आलो. सगळे सुखरूप आहोत. बिट्टीला जरा सर्दी झाली होती, आता बरी आहे. हवा छान होती.

मासे फार चांगले होते, असं लिहून मी तीन कागद फाडले. आता खरं लिहिते. पुलाच्या टोकाला हिरवं दार नाही. तिथे गाड्या उभ्या करायची चार मजली इमारत आहे. मी दोनदा त्या टोकापर्यंत जाऊन आले. पहारेकऱ्याला विचारलं, मासे तळणारी बाई कुठे गेली? तो म्हणाला, कुठली बाई? त्यांच्या आईच्या पोटात कावळे ओरडत होते, शेवटी समोरच्या टपरीवर बिस्किटं खाल्ली. मनोरा आहे, पण त्यामागची गल्ली उड्डाणपुलाखाली गेली. सिनेमागृहही पाडलं. बिट्टीने पिवळ्या-गुलाबीचा ध्यास घेतला होता, ती रस्त्यात बसून रडली. त्यांच्या आईंनी एवढंच विचारलं, "हिला नक्की हेच शहर माहितीये ना?" सायकलवाले हसून म्हणाले, "अगं, बटणांच्या गल्ल्या वेगळ्या असतील." पण संध्याकाळी ते माझ्याशी फार बोलले नाहीत.

चूक माझी आहे. तू आत गेलास त्या दिवशीचं शहर तू मला सांगितलंस आणि मी ते आजचं म्हणून त्यांच्यापुढे ठेवलं. रांगेत उभं राहून फाटकाकडे बघत बसण्याऐवजी एकदा तरी मान वळवून बघायला हवं होतं, बाहेर काय काय पडतंय आणि उभं राहतंय.

पाळणा मात्र आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. मधल्या खांबापाशी मी उजवीकडे वळले तर बिट्टीही वाकून बघायला लागली. तिने विचारलं, ही माणसं कोण? आई म्हणाल्या, "चोर आणि खुनी. त्यांच्याकडे बघायचं नाही." बिट्टीने तोपर्यंत हात हलवला होता. आईंनी तो धरून खाली घेतला. खालून कोणीतरी हात वर केला, तो तू होतास की नाही मला कळलं नाही. सगळ्यांचे कपडे एकसारखे. मी हात हलवला नाही. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले होते.

प्राणिसंग्रहालयात आई आणि बिट्टी माकडांपाशी रमल्या, तेव्हा सायकलवाले माझ्या बाकावर येऊन बसले. म्हणाले, "तुम्हाला हे शहर माहीत नाही. मला वाईट वाटलं नाही, पण मग इतकी वर्षं तुम्ही इथे कुणाकडे येता? कोणी असेल तर आताच सांगा, मी काही बोलणार नाही." त्यांना वाटलं, माझा दुसरा कोणी आहे. तसं कबूल केलं असतं तर कदाचित कमी लाज वाटली असती. मी सगळं सांगितलं. टॅक्सी थांब्यावरचं भांडण, तुझ्या हातातला लोखंडी पाना, तो मेलेला ड्रायव्हर. आणि हेही सांगितलं की त्यांच्या आईला मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मला भाऊ होता, तो वारला. हे मी तुला लिहिलं नव्हतं. "बोलणं झालेलं नाही" असं लिहिलं होतं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मलाही चिडता आलं असतं. म्हणाले, "तुमच्यावर माझा राग नाही. दुसऱ्याच्या हातून झालेलं तुम्ही का फेडायचं? लग्न मला करायचंच आहे. पण बिट्टी शाळेत जाते, उद्या तिला कोणी मामाबद्दल विचारलं तर? आईला तुम्ही जे सांगितलंय ना, तेच राहू द्या. वारला तर वारला. पण मग सगळ्या बाजूंनी तसंच हवं. भेटी नकोत, पत्रं नकोत. एक दिवस बिट्टी एखादं पत्र बघेल आणि मला विचारेल."

मी हो म्हटलं, बारक्या. दोन दिवसांची मुदतही मागितली नाही. मी उठून बिट्टीला पाणी पाजलं.

तू मला मनात काय म्हणशील ते म्हण. पण ऐकून घे. आई गेल्यावर तुला मी वाढवलं. तू तो पाना उचललास तेव्हा माझा विचार केला नाहीस. तेव्हापासून माझ्याकडे आलेलं प्रत्येक स्थळ माझ्याच तोंडून तुझं ऐकून दारातूनच परत गेलं. मी त्या रांगेत उभी राहिले आणि जाळीपलीकडून तुला म्हणत राहिले, मी मजेत आहे. मी मजेत नव्हते. मला तुझा राग येत होता आणि तो दाखवायला अर्धा तास पुरत नव्हता. मला संध्याकाळी कुणीतरी घरी वाट बघणारं हवं आहे. ते मिळतंय, आणि त्याच्या बदल्यात तू जातोयस. मी ते घेतलं. तुझ्यावर माझा जीव नाही असं समजू नकोस. जीव असूनही घेतलं, हे तुला मीच सांगायला हवं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. पेटी पूर्ण कर आणि तिथे कुणाला मुलगी असेल तर तिला दे. स्वेटर आणि साबण वेगळे पाठवले आहेत, ते शेवटचे. कुणाशी भांडू नकोस. खोकल्याचं डॉक्टरांना दाखव.

आपली खोली मी सोडते आहे, किल्ली मालकाला परत देईन. सुटलास की तिथे येऊ नकोस, दार दुसरंच कोणी उघडेल. बाजाराच्या कोपऱ्यावरही येऊ नकोस. रस्त्यात समोर आलोच, तर तू आधी मान वळव. मला ते जमणार नाही.

उत्तर पाठवू नकोस.

ताई