राखणदाराच्या बडतर्फीची कारणमीमांसा

चिरंजीव चिमणीस (अठ्ठावीस माणसे तुझ्या हाताखाली संगणकाची कामे करतात हे ठाऊक आहे, तरी या घरात तुझी बढती झालेली नाही) मामाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता सुखरूप आहोत. माझा गुडघा बोलतो, तुझी मामी बोलत नाही. पैकी दुसऱ्या दुखण्याचे कारण पुढे येईल. तुझी पाठ कशी आहे? खुर्ची बदल, असे मी मागेही लिहिले होते.

आमच्या संगणकाविषयी तुझ्या कानावर काही वेडेवाकडे येण्याआधी वस्तुस्थिती मांडतो. तू येऊन गेलीस त्याच आठवड्यात पडद्यावर एक लाल चौकट उगवली : संगणकात सदतीस व्हायरस आहेत, त्वरित येथे दाबा. दुसरा एखादा निवृत्त गृहस्थ दाबून मोकळा झाला असता. मी चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले आहे. मी विचारले (मोठ्याने, मामी साक्षीला आहे), या चौकटीने आत तपासणी केली की नाही? केली असेल तर ती विनापरवाना घरात शिरली, म्हणजे हेर. केली नसेल तर सदतीस हा आकडा मनचा, म्हणजे लबाड. दोन्ही पक्षी अविश्वसनीय. चौकट बंद केली. इथवर तूही माझी पाठ थोपटशील.

परंतु जो युक्तिवाद परक्याला लावायचा तो घरच्याला माफ करायचा, हा पक्षपात मला जमत नाही. तू बसवून दिलेला अँटिव्हायरस रोज सकाळी अकराला 'सर्व फायली तपासल्या' असे कळवीत असे. सर्व फायली! त्यांत आठ वर्षे खपून लिहिलेले माझे तर्कदोषांवरचे पुस्तक आले, ज्याची अकरा प्रकरणे अजून प्रकाशकांनीही पाहिलेली नाहीत (ती महिनाअखेर त्यांच्या हाती पडली नाहीत, तर पुस्तक पुढल्या वर्षावर गेलेच). न विचारता सगळे चाळायचे आणि दूरच्या धन्याला कळवायचे, ही हेराची व्याख्या. तुझा राखणदार तिच्यात तंतोतंत बसला. मी त्याला काढून टाकले. मामी म्हणाली, "अहो, चोर ओळखलात ते ठीक, पण पहारेकऱ्याला कशाला हाकललंत?" मी तिला व्याख्या पुन्हा ऐकवली. "मग आता व्याख्या पहारा देणार वाटतं?" एवढे बोलून ती जी गप्प झाली ती आजतागायत.

तरीही सावधगिरी म्हणून मी इंटरनेटची तारच उपटली. व्हायरस तारेतून येतात, तार नाही, म्हणून व्हायरस नाहीत. हे अनुमान आजही निर्दोष आहे. पहिले विधान तेवढे अपुरे निघाले.

कारण बुधवारी मी नववे प्रकरण छापून घ्यायला पेनड्राइव्ह कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडे नेला. त्याच्या यंत्रात दिवसभर साऱ्या वस्तीचे पेनड्राइव्ह जाऊन येतात, तसा माझाही आला. घरी जोडला मात्र, संगणकातली अकराही प्रकरणे नुसत्या नावापुरती उरली : नावाशेजारी एक वाकडा बाण, उघडावे तर आत काही नाही. (नवव्या प्रकरणाचे शीर्षक 'अपुऱ्या पुराव्यावरून काढलेले निष्कर्ष' असे आहे. हा निव्वळ योगायोग.) छपाईवाल्याला जाब विचारला, तर तो म्हणतो, "सर, अँटिव्हायरस नाही टाकलात? तुम्ही तर शिकलेले!"

तात्पर्य, माझी भूमिका तत्त्वतः अबाधित आहे. हे पत्र मी हाताने लिहीत आहे, ते केवळ अक्षराचा सराव राहावा म्हणून.

तुझा,
मामा

ता. क. : पुढच्या रविवारी ये. येताना त्या राखणदारालाही घेऊन ये.

आणखी ता. क. : पुस्तक शाबूत आहे. राखणदाराला काढले त्याच दुपारी मामीने सगळी प्रकरणे स्वतःच्या पेनड्राइव्हवर उतरवून तो बटणांच्या डब्यात ठेवला होता, असे आज एका चिठ्ठीद्वारे समजले. तो मिळण्यास दोन अटी आहेत. पहिली म्हणजे वरचा ता. क.; ती मी पाळली. दुसरी, 'माझं चुकलं' हे शब्द माझ्या हस्ताक्षरात, तुझ्या साक्षीने. मी पर्याय म्हणून 'पहिले विधान अपुरे होते' असे सुचवून पाहिले. नामंजूर.

शेवटचा ता. क. : माझं चुकलं. (या वाक्याला संदर्भ दिलेला नसल्याने त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.)

मामीने पत्र वाचले. वरचा कंस रद्द समजावा. डबा अजून तिच्याच मांडीवर आहे.