वॉर्डाचा पिशवीप्रमुख

५ सप्टेंबर १९८८
वॉर्ड ऑफिसच्या रांगेत उभा होतो, कान मात्र टेबलामागे. एक बाबू दुसऱ्याला सांगून राहिला होता, प्लॅस्टिक पिशव्या कमी करायचं सरकारी पत्रक आलं आहे. जो शंभर कापडी पिशव्या फुकट वाटेल, त्याला दोन ऑक्टोबरला स्टेजवर वॉर्डाचा पिशवीप्रमुख नेमणार. ही बातमी अख्ख्या नागपुरात फक्त मला! विणकराचा पोरगा मी, आज दुकानात तीन शिलाई मशिनी. शंभर पिशव्या म्हणजे डाव्या हातचा मळ.

९ सप्टेंबर
प्रताप नगरात घरोघरी जुने कपडे मागितले. समोरच्या जिजाबाईंनी लुगडं दिलं, शेजारच्या वामनरावांनी धोतर. म्हणाले, याची पिशवी मलेच दे गा, वांगे आणाले होईल. शब्द दिला. गाठोडं दारातून आडवं घ्यावं लागलं. उद्यापासून रोज दहा पिशव्या.

१० सप्टेंबर
शिवण सुरू नाही. आधी लेटरपॅड. 'पिशवीप्रमुख' की 'मुख्य पिशवीप्रमुख'?

१८ सप्टेंबर
गणपतीत गिऱ्हाइकांचे सदरे. पिशव्या थांबतात, गिऱ्हाईक थांबत नाही.

२३ सप्टेंबर
बायको चंद्रकला म्हणाली, काहून जी, हे गाठोडं माझ्या सैपाकघरात अंडे देऊन राहिलं का? तिला सांगितलं, सरकारी धोरण हळूहळूच चालतं. म्हणाली, मंग सरकारच्या घरी ठेवा. मी ठणकावलं, आठ दिवसांत हे इथं दिसणार नाही!

२८ सप्टेंबर
वॉर्ड ऑफिसातल्या मारोतराव साहेबांना सांगितलं, पिशव्या तयार. (मनात तयारच आहेत.) ते म्हणाले, एक तारखेला घरी येऊन बघतो, मग नाव पक्कं. उद्या तिन्ही मशिनी लावतो.

३० सप्टेंबर
दिवसभर दुकानात स्वतःचं जाकीट शिवलं. स्टेजवर आधी माणूस दिसतो, मग पिशवी.

१ ऑक्टोबर, सकाळी ७
गाठोडं गायब!
चंद्रकला म्हणाली, काल जुन्या कपड्यांवर भांडे देणारी बाई आली होती. आठ दिवसांत दिसणार नाही म्हणे, मी तुमचा शब्द राखला.
बदल्यात एक टब, दोन बादल्या, सहा डबे. सगळं प्लॅस्टिक. लालभडक.

सकाळी ९
मारोतराव आले. मागोमाग वामनरावही, पिशवी न्यायला. साहेबांनी टबाला टिचकी मारली आणि चहा न घेता गेले. वामनराव सगळीकडे बघून म्हणाले, यातलं माझं धोतर कोणतं गा?
लहान बादली दिली.

२ ऑक्टोबर
स्टेजवर दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं. मी उभं राहून टाळ्या वाजवल्या, जाकीट तरी दिसावं म्हणून.
परतताना वामनराव भेटले. हातात लाल बादली, बादलीत वांगी. म्हणाले, पिशवीपेक्षा बरी हाय गा, दबत नाही.