प्रभुभोजनाआधीचा शनिवार

आई, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा म्हटलं तर मला तुझं एखादं भांडणच आठवावं लागतं. प्रार्थनेतला तुझा आवाज बारीक होता, तो केव्हाच विरून गेला. पण नळावर मधेच बादली घुसवणाऱ्या शेजारच्या काकूंवर तू जी ओरडायचीस, ते अजून कानात जसंच्या तसं आहे. सौंसरच्या सरकारी दवाखान्यातली सिस्टरबाई, पांढरी साडी, केसांना काळ्या पिना, आणि नळावर उभी राहिली की अख्खी गल्ली ऐकून राहिली. "काहून व, तुह्या बापानं बांधला काय हा नळ?" मी दाराआड उभी राहून शरमेनं मरायची. त्या गल्लीत आपलं एकच ख्रिस्ती घर, आणि सगळ्यात मोठा आवाज त्याच घरातून. लोक म्हणत असतील, हेच का यांचं प्रेम आणि हीच का यांची शांती, असं मला वाटायचं. तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं होतं की मोठी झाल्यावर मी अशी होणार नाही, कोणावर म्हणून आवाज चढवणार नाही.

पण तुझा शनिवारही आठवतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, तो भाकरीचा लहानसा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. त्या मेजाशी जायच्या आधी आपल्यामुळे दुखावलेलं कोणी मागं राहता कामा नये, हा तुझा नियम. पाळकांनी तो सगळ्यांनाच सांगितला होता, पण पाळायचीस तू एकटी. शनिवारी ड्यूटीवरून आलीस की तोंड धुवायचीस, माझा हात धरायचीस आणि त्या महिन्यात जिच्याशी वाजलं असेल तिच्या दारात जाऊन उभी राहायचीस. एकदा नाताळाच्या आधी मी डब्यातल्या करंज्या घेतल्या, म्हटलं रिकाम्या हातानं काय जायचं. तू हातावर फटका दिलास. "ठेव ते. काही नेलं का मंग तिले घ्यावं लागते, न् घेतलं का माफ करावंच लागते. अशी जबरदस्ती नाही करायची कोणावर." आणि काकूंच्या दारात जाऊन तू सरळ म्हणालीस, "चुकलं व मायं त्या दिवशी. बापावर जायला नव्हतं पाहिजे मी." काकू सुपातले तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उद्या तुमचं चर्चमधलं जेवन हाय वाट्टे." मग दोघीही हसायला लागल्या आणि मला कळेचना की आता हसण्यासारखं काय झालं.

पुढं पुढं तर गल्लीला तुझ्या शनिवारची सवयच झाली. एका महिन्यात तुझं कोणाशीच काही वाजलं नाही. संध्याकाळी काकूंची मुलगी धावत आली, "सिस्टरबाई, आई म्हनते, या महिन्यात भांडन नाही झालं तं काय झालं, चहा ठेवला हाय, या." तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला आणि मी तुझी पाठ चोळली. तो दिवस आठवला की मला अजूनही एकटीला हसू येतं. मग लगेच दुसरा आठवतो. तू पाहुण्यांसमोर मला काहीतरी बोलली होतीस, काय ते आता आठवतही नाही, आणि मी अबोला धरला होता. तू चुलीपुढं बसून वांगी चिरून राहिली आहेस, मी भिंतीला टेकून मुक्यानं बसले आहे. तू विळीवरून नजर न काढता बोलतेस, "हे पाय पोरी, मी ओरडते तं समोरच्याले कळते तरी का कुठं लागलं हिले. तू तं आतून कडी लावून घेते. मानसानं ठोठवावं तरी कुठं?" मी उत्तर दिलं नाही. उत्तर न देण्यात मला फार बरं वाटत होतं, तेही सांगून टाकते.

मी ठरवलं होतं तशी झाले, आई. पांढुर्ण्याच्या शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पोरांवर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. चर्चमध्ये महिला मंडळाची जबाबदारी माझ्याकडे आली. प्रभुभोजनाच्या आधी आत्मपरीक्षणाची प्रार्थना असते ना, ती आता मीच म्हणते. प्रार्थनेनंतर थोडा वेळ सगळे गप्प बसतात आणि ज्यानं त्यानं आपल्या मनात पाहायचं असतं. मी पाहायची. कोणाला टोचून बोलले का? नाही. कोणाचा अपमान केला का? नाही. दर महिन्याला माझं अंगण असं झाडून स्वच्छ. तुझ्यासारखं शनिवारी कोणाच्या दारात जायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही, आणि याचा मला अभिमान होता. आईपेक्षा आपण चांगल्या ख्रिस्ती झालो, असंसुद्धा एखाद्या रविवारी मनात येऊन गेलं असेल. रागावू नको.

मग सून आली. रामाकोन्याची, संत्र्याचा मळा असलेल्या हिंदू घरातली. मुलानं कोर्टात लग्न केलं. चर्चच्या मंडळीतल्या बायका खोदून खोदून विचारायच्या, मुलगी आपल्यात येणार की नाही. मी म्हणायची, तिचं तिला ठरवू दे, मी मधे पडणार नाही. बायका म्हणायच्या, बाई, तुमचं मन मोठं. आणि पोरगी खरंच गुणाची गं. नागपूरला माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा माझं सगळं तिनं केलं, वेणीफणीपासून भांडं देण्यापर्यंत. हे गेल्यापासून माझं असं कोणी केलं नव्हतं. घरी आल्यावर एका सकाळी ती तिच्या आईसोबत निघून गेली आणि उन्हं कलायला परतली ती पायाला फोड घेऊन. जेवणाच्या टेबलावर नारळाची शकलं आणि बुंदीचा पुडा ठेवला. म्हणाली, "आई, तुमाले बरं वाटलं का जामसांवलीच्या हनुमानाले पायी जाईन, असं बोलली होती मी. हे तुमच्यासाठी." तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता.

प्रसाद आपण खात नाही, हे तुला सांगायला नको. काकू आणायच्या तेव्हा तूही खायची नाहीस, पण तसं तोंडावर सांगायचीस, "मी नाही खात व हे, पण तू माह्यासाठी हात जोडले ना, ते मले पुरे हाय." आणि काकूंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मी एवढंच बोलायचं होतं. तेवढंही सुचलं नसतं तर निदान ओरडायचं होतं. मी काय केलं? दोन बोटांनी तो पुडा उचलला, मागच्या दाराजवळच्या खिडकीत नेऊन ठेवला आणि हात धुतले. एक शब्द बोलले नाही. संध्याकाळपर्यंत पुड्याला मुंग्या लागल्या. तिनंच तो उचलला, मुंग्या झाडल्या आणि कुठं नेला ते मला माहीत नाही.

त्यानंतर मी तिच्याशी 'हो', 'नाही' आणि 'ठेव तिथं' एवढंच बोलायला लागले. जेवण वेळेवर, तब्येतीची विचारपूस नाही. नावं ठेवणं नाही, पण नावानं हाक मारणंही नाही. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस सुरू होते. मंडळीतली एक बहीण भेटायला आली, घटकाभर बसली आणि मला म्हणाली, "बाई, तुम्ही या दिवसांत मौन धरलं वाटतं. किती शांत वाटतं तुमच्या घरात." सून तिथंच चहाचे कप उचलत होती. मी मान हलवली, हो म्हटल्यासारखी. आई, मी माझ्या अबोल्याला उपास म्हणवून घेतलं. त्या क्षणी मला लाज वाटायला पाहिजे होती, पण खरं सांगते, मला ते शब्द गोड लागले.

पोळा झाल्यावर मुलानं बोरगावला कारखान्याजवळ खोली घेतली. ड्यूटीला सोपं पडतं, म्हणाला. मीही म्हटलं, हो, सोपं पडेल. सामान टेंपोत चढत होतं. सून पाया पडायला वाकली, उठली आणि दारातच थांबली. "आई, एक बोलू? हे सांगतात, आजी लय भांडायच्या म्हणे. पण शनिवारी दारात येऊन उभ्या राहायच्या. तुमी तं भांडतच नाही. मंग मी कोणत्या शनिवारी तुमची वाट पाहू?" रागानं नाही बोलली. रडलीही नाही. खरंच विचारून राहिली होती. माझ्या तोंडून निघालं, "मला कुठं काय वाटलं, बाई? नीट जा."

तिला बोलून गेले आणि त्याच दारात मला तू दिसलीस. तुझा शेवटचा शनिवार. त्याआधी नातवाच्या वाढदिवसाला तू चारचौघांत म्हणाली होतीस, "ही लोकाची पोरं शिकवते, न् हिचं पोरगं शेजारी वाढून राहिलं." मला ते फार लागलं होतं, कारण खरं होतं. मग मी सौंसरला येणंच बंद केलं. तुझा फोन आला की 'बरं आहे' म्हणायची आणि ठेवून द्यायची. आणि एका शनिवारी भर उन्हात तू एकटी बसनं पांढुर्ण्याला आलीस. हातात पिशवीसुद्धा नव्हती. पायऱ्या चढून धापा टाकत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चुकलं व मायं. सगळ्यांसमोर तसं बोलायला नव्हतं पाहिजे." मी म्हटलं, "अगं, मला कुठं काय वाटलं? उगीच आलीस एवढ्या उन्हात." तू माझ्याकडे पाहिलंस. मग "बरं" म्हणालीस, मी दिलेलं लिंबाचं सरबत प्यालीस आणि चारच्या बसनं परत गेलीस. दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. तू प्रभुभोजन घेतलंस की तशीच बाकावर बसून राहिलीस, हे मी कधी विचारलं नाही. पुढं तू फार दिवस राहिलीही नाहीस. तू जन्मभर लोकांच्या दारात गेलीस आणि तुला रिकामं परत पाठवलं ते फक्त तुझ्या मुलीनं.

दर रविवारी ज्याचं नाव घेते, त्यानं क्षमा किती मोकळ्या हातानं केली हे मी पोरांना चित्रं दाखवून शिकवलं. तुझं नळावरचं ओरडणं ऐकून कोणाला तू ख्रिस्ती वाटली नसशील, पण शनिवारी वाटत असशील. माझ्याकडे पाहून काय वाटत असेल? नीटनेटकी बाई, एवढंच ना? गेल्या महिन्यात आत्मपरीक्षणाच्या प्रार्थनेला मी उभी राहिले आणि माझा आवाज मला परका वाटला. ताट समोर आलं तेव्हा मी ते पुढं सरकवून दिलं. शेजारचीला वाटलं माझं पोट बिघडलं. तिनं उपासना संपल्यावर ओवा खायला सांगितला.

आज शनिवार आहे. उद्या या नाताळाच्या महिन्याचं प्रभुभोजन. सकाळीच बाजारात जाऊन मी संत्री आणली, एकेक हातात घेऊन पारखली आणि पिशवी भरून दाराशी ठेवली. मळेवाल्याच्या पोरीला संत्री! माझं मलाच हसू आलं, आणि मग तुझा फटका आठवला. आत्ताच उठून सगळी परातीत काढून ठेवली. पिशवी घडी करून खुंटीला अडकवली. सौंसरला उतरायचं, तिथून बोरगावची जीप. दारात उभं राहून काय म्हणायचं तेही ठरलं आहे, फार मोठं नाही. मुंग्या लागल्या त्या पुड्याचं म्हणायचं आणि चुकलं म्हणायचं. पण तिनं दार उघडून हसून म्हटलं की "मले कुठं काय वाटलं, आई, उगीच आल्या इतक्या दूर," तर मग काय करायचं? ते तू मला शिकवलं नाहीस. तुला तरी कुठं माहीत होतं. तू समोर आलं ते प्यालीस आणि परत गेलीस. मीही तसंच करीन.

हा कागद ओट्यावरच राहू दे. मला वाटलं होतं मी तुझ्याशी बोलायला बसले, पण ते काही खरं नाही, आई. चारची बस चुकावी म्हणून मी दुपारपासून लिहून राहिले होते. ती गेली. आता साडेपाचची आहे, चप्पल घालते.