विहिरीवर धुतलेला शर्ट

केळशी, मंगळवार, संध्याकाळ

आज आंब्याच्या मोहरावर फवारणी करताना हे बागेतच कोसळले. तोंडातून लाळ, हातपाय थरथरत होते. धाकट्या दिराने आणि मी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी ह्यांच्या अंगातला भिजलेला शर्ट काढायला लावला. म्हणाले, "विष कातडीतूनही आत जातं." विष. आम्ही इतकी वर्षं औषध म्हणतो त्याला.

मग मला विचारलं, "हे कपडे कोण धुतं?"

"मीच, विहिरीवर."

पुढचं त्यांनी विचारलं नाही, पण माझ्या मनातून जात नाही. ते पाणी जातं कुठे? तिथेच जांभ्या दगडात मुरतं आणि विहिरीत उतरतं. तेच आम्ही पितो, मुलं पितात.

आता ह्यांना बरं आहे, नणंद दवाखान्यात जवळ थांबलीय. शुद्धीवर येताच मला म्हणाले, "वरची कलमं राहिलीत, धाकट्याला सांग."

घरी आले तर माझ्याआधी परतलेला दीर फवारणीचा पंप भरतच होता. मी तो त्याच्याकडून काढून घेतला.

"वहिनी, मोहर गळला तर वर्षभर खायचं काय?"

मी पंप मात्र दिला नाही.