नेत्रविभागाच्या पाट्यांवरील गोल अक्षरांबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय: नेत्रविभागातील पाट्यांची अक्षरे पुन्हा गोल करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: 'अक्षरे पोरकट दिसतात, आठ दिवसांत भारदस्त करावीत' हा आपला लेखी आदेश.

महोदय,

१. मी आपल्या रुग्णालयाचा पेंटर. गेल्या वर्षी नेत्रविभागाच्या मोठ्या सिस्टरांनी मला बोलावून सांगितले, "डोळ्यांत औषध घातलं की माणसांना धूसर दिसतं. त्यांनाही वाचता येईल असं काहीतरी काढा." म्हणून मी कंपास घेतला. अर्धे वर्तुळ, पूर्ण वर्तुळ, सरळ रेघ. जाडी सगळीकडे एकच आणि प्रत्येक टोक गोल. अक्षराच्या पोटात भरपूर मोकळी जागा. रुग्ण भिंत न चाचपता बाहेर पडू लागले.

२. आदेशानुसार मी सर्व पाट्या भारदस्त केल्या. नव्या अक्षरांत एक रेघ जाड व एक केसासारखी बारीक आहे. दिसतात ती झकास, याबद्दल दुमत नाही. पण धूसर डोळ्यांना बारीक रेघ दिसतच नाही.

३. परिणामी पहिल्याच दिवशी एक निवृत्त मास्तर बाहेर जाण्याऐवजी धुलाईखान्यात शिरले व औषधांची रांग समजून बाकावर तासभर शांतपणे बसले. शेवटी त्यांनी विचारले, "माझा नंबर कधी येणार?" धोबी म्हणाला, "आजोबा, इथे फक्त चादरींचा नंबर लागतो!" मास्तर हसले, पण घरी त्यांची शोधाशोध चालली होती. त्यांच्या लेकीने मला जिन्यात गाठून जे सुनावले, ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. तिचे म्हणणे मात्र रास्त होते.

४. माझ्याही चुका झाल्या, हे प्रांजळपणे मान्य करतो. भेटीच्या वेळांची वीस ओळींची सूचना मी गोल अक्षरांत रंगवली होती. इतकी गोलाई एकत्र आल्यावर सगळी अक्षरे सारखीच दिसू लागली व ती कोणी वाचेना. नेत्रविभागाबाहेरची 'शवागार' ही पाटीही मी हौसेने गोल केली होती. दुःखात आलेल्या माणसांना ती खाऊच्या दुकानासारखी वाटली, हे ऐकून मी शरमलो. या दोन्ही ठिकाणी आपला आदेश योग्यच आहे.

५. आपल्या दालनाची पाटीही भारदस्तच ठेवावी. ती लागल्यापासून आत येणाऱ्यांची गर्दी कमी झाल्याचे आपले शिपाई आनंदाने सांगतात.

६. काल 'बाहेर' ही एक पाटी मी न विचारता पुन्हा गोल केली आहे. त्याबद्दल जी शिक्षा द्याल ती मान्य.

७. निर्णय मंगळवारपूर्वी व्हावा, ही विनंती. त्या दिवशी माझी आई डोळे तपासायला येणार आहे. मी सोबत येतो म्हटले, तर म्हणाली, "पाट्या तूच रंगवल्यास ना? मग मी जाईन एकटी."

आपला नम्र व आज्ञाभंगाबद्दल दिलगीर,
(सही)
पेंटर, रुग्णालय
दि. १२, शुक्रवार

सोबत: १. दोन्ही अक्षरांचे नमुने. (कृपया चष्मा काढून पाहावेत.)
२. धोब्याचा जबाब.